पाठमोरी

फोन आला तेव्हा तो शिवणयंत्राच्या सुईपाशी होता. म्हणजे यंत्र काही समोर नव्हतं. समोर होता जपानी पुस्तिकेतला सोळावा इशारा, सुईखाली बोट जाऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी त्याचा. गेली अकरा वर्षं तो हेच करत आला होता. शिवणयंत्रं, पाण्याचे पंप, रक्तदाब मोजायचे पट्टे, जे जे तिकडून येई त्याची पुस्तिका आपल्या भाषेत उतरवायची. खिडकीजवळचं टेबल, दोन शब्दकोश, एक कान तुटलेला चहाचा कप, आणि पलीकडच्या टेबलावर तपासनीस बाई. धाकट्या बहिणीचा फोन कामाच्या वेळात कधी येत नसे, म्हणून त्याने तो पहिल्याच घंटेला उचलला.

"दादा, बसलायस ना?"

"बसलेलाच असतो मी. बसायचीच तर नोकरी आहे. काय झालं, छोटी?"

"मेल्यांनी वाट लावली रे आपल्या बेटाची."

चौतिशी गाठलेली बाई, आठ वर्षांच्या मुलीची आई, पण त्याच्यासाठी ती छोटीच. सव्वीस वर्षांपूर्वीचा तो जपानी व्हिडिओ खेळ, 'सात दिव्यांचं बेट', आता नव्याने निघाला होता आणि पहिल्यांदाच अधिकृतपणे आपल्या भाषेत आला होता. छोटीने तो लेकीच्या वाढदिवसाला घेतला होता. मायलेकींनी चार दिवस सातही दिवे लावले, आणि काल संध्याकाळी शेवटच्या धक्क्यावर पोचल्या, जिथे खेळातल्या मुलीला ती शोधत असलेली आई भेटते.

"आणि धक्क्यावर ती आई काय म्हणते ठाऊक आहे? 'मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. तुझी आठवणही आली नाही.' असं म्हणते! अरे, कुठल्या आईच्या तोंडी असं घालतात? पोरगी माझी रडायला लागली. मी म्हटलं थांब, हे खोटं आहे, खरं मामाच्या वहीत आहे. दादा, तू लिही त्यांच्याविरुद्ध. तू लिहिलंस की ऐकतात ते."

तो "बघतो" म्हणाला. फोन ठेवल्यावर बराच वेळ त्याला इशारा क्रमांक सोळा वाचता येईना. अक्षरं होती तिथेच होती, अर्थ तेवढा उठून बाहेर गेला होता.

छोटी चूक बोलत नव्हती, त्याने लिहिलं की लोक ऐकत. जपानी खेळ खेळणाऱ्या आपल्या भाषेतल्या मंडळींचा एक कट्टा होता, पडद्यावरचा, आणि त्या कट्ट्यावर त्याला 'जसंच्या तसं' म्हणून ओळखत. त्याचं खरं नाव तिथे कुणाला माहीत नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. वीस वर्षं तो तिथे हिरिरीने लिहीत होता. एका खेळात मूळच्या दारूच्या पेल्यात भाषांतर होता होता संत्र्याचा रस आला, तर त्याने दोन्ही पेल्यांची चित्रं शेजारी शेजारी लावून कंपनीला जाब विचारला. खलाशाच्या तोंडातली सिगारेट काढून गोळीची काडी दिली, रक्ताला हिरवा रंग फासला, कुणा योद्धीच्या झग्याला वीतभर कापड जोडलं, विधवेचा नवरा मेला होता तो लांबच्या प्रवासाला पाठवून दिला, एकेकाची नोंद त्याच्याकडे तारीखवार होती. भाविकाने पोथीतली ओळ गाळू नये तसा तो खेळातला शब्द गाळू देत नसे. तो म्हणायचा, दुसऱ्याच्या दुःखावर आपण पांघरूण घालायचं नाही, त्याला थंडी वाजत असेल तर वाजू द्यायची, ती त्याची थंडी आहे. त्याचं एक वाक्य तर कट्ट्यावर सगळ्यांना पाठ होतं, जो तो आपल्या नावाखाली ते मिरवायचा: कापलेलं निदान दिसतं, बदललेलं दिसतसुद्धा नाही, म्हणून बदलणारा कापणाऱ्याहून वाईट. हे वाक्य त्याला पहाटे दात घासताना आठवे आणि तोंडातला फेस कडू लागे. कारण 'सात दिव्यांचं बेट' या खेळाबद्दल त्याने वीस वर्षांत एक अक्षर लिहिलं नव्हतं, आणि इतक्या जाणत्या लोकांत एकालाही ते कधी खटकलं नव्हतं.

दुपारी त्याने कट्टा उघडला. वणवा पेटलेला. जो तो त्याचंच, तरुणपणी हौसेने केलेलं जुनं भाषांतर पुढे करत होता आणि नव्या अनुवादिकेला सोलून काढत होता. 'मूळ वाक्य गाळलं', 'आईला राक्षसीण केलं', 'हिला काढा, जसंच्या तसं काय म्हणतात ते घ्या.' आणि त्याच्या खासगी पेटीत एक पत्र येऊन पडलं होतं. त्या अनुवादिकेचंच.

'नमस्कार. तुम्ही मला ओळखत नाही, पण मी तुमच्यामुळेच जपानी शिकले. अकराव्या वर्षी तुमचं बेटाचं भाषांतर वाचलं आणि वाटलं, ज्या भाषेत आया असं बोलतात ती आपल्याला आली पाहिजे. आता मूळ हातात आलं तेव्हा मी त्या वाक्यापाशी तीन आठवडे थांबले होते. मला तुमचं वाक्य खरं निघायला हवं होतं. पण मूळ तसं नाही. कदाचित तुमच्याकडे दुसरी प्रत असेल, तेव्हा दोन प्रती निघाल्या असतील. तसं असेल तर तसं सांगा. नसेल, तर मूळ काय आहे एवढंच लिहा. माझी नोकरी या आठवड्यावर लटकली आहे, पण मी त्यासाठी लिहीत नाही. मला जाणून घ्यायचं आहे.'

किती सभ्य बाई. चोराला पळायला मागचं दारही तिने स्वतःच उघडून ठेवलं होतं. दुसरी प्रत. त्याने त्या दोन शब्दांवर नजर ठेवली आणि त्याला घराची ती जुनी खिडकी दिसली.

तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. वडील बाटल्या भरायच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेले, छोटी आत झोपलेली, तोंड उघडं टाकून, एक मोजा पायात आणि एक उशाशी. आई जिना उतरली, तो आवाज त्याला ऐकू आला, कारण आईची पावलं नेहमी दोन दोन पायऱ्या मिळून पडत आणि त्या दिवशी एकेक पडली. तो खिडकीत गेला. आईच्या हातात तपकिरी बॅग होती, अंगात करडा कोट होता, आणि रस्ता सरळसोट, वळणापर्यंत चांगली दोनशे पावलं. त्याला वाटलं कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापाशी ती वळून बघेल. मग वाटलं औषधाच्या दुकानापाशी बघेल. मग त्याने मनाशी ठरवलं की वळणावर, तिथे माणूस आपोआपच मागे बघतो. तिने कोटाची कॉलर तेवढी नीट केली आणि ती गेली. छोटी उठून विचारायला लागली तेव्हा तो म्हणाला, "मला काय माहीत, मी पण झोपलो होतो." तेवढंच. पहिली वीट ही अशी सहज ठेवली जाते, पायपुसणं सरळ करावं इतक्या सहज.

पुढच्या वर्षी वडिलांनी कारखान्यातल्या कुणाकडून टीव्हीला जोडायचा वापरलेला खेळाचा डबा आणला, सोबत एकच खेळ, तोही जपानी. त्या माणसाच्या समजुतीने लहान मुलांचा. आई शोधायला निघालेल्या मुलीचा खेळ त्या घरात आणून देणारा नशिबाचा विनोदीपणा बघा. सोळा वर्षांचा दादा वाचनालयातून शब्दकोश आणून, एकेक अक्षर बोटाने दाबून धरून, शाळेच्या जाड निळ्या वहीत उतरवून काढायचा. छोटी हातात खेळाची बटणं घेऊन बसायची, आणि पडद्यावर कुणी बोललं की म्हणायची, "दादा, म्हण." तो म्हणायचा. दुपारी तीन ते पाच, दीड वर्ष. कोळ्याचं बोलणं घोगऱ्या आवाजात, दीपगृहाच्या म्हातारीचं नाकातून. छोटी इतकी हसायची की तिला उचकी लागायची. आई गेल्यापासून त्या घरात हसण्याचा आवाज येई तो तेवढाच, त्या दोन तासांत. आणि मग धक्का आला. संध्याकाळचं पिवळं पाणी, लाकडाची फळी, आणि फळीच्या टोकाला पाठमोरी आई. करड्या कोटातली. त्याने शब्दकोश चाळला, पुन्हा चाळला, उगाच वेळ काढला, वाक्य सोपं होतं, त्याला पहिल्या नजरेतच लागलं होतं. मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. तुझी आठवणही आली नाही.

"दादा, म्हण ना."

त्याने म्हटलं, "मी रोज मागे वळून पाहत होते. हाक मारायला आवाज फुटत नव्हता."

छोटीने सुस्कारा सोडला. मोठ्या बाईसारखा, पोटातून. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली.

तीन वर्षांनी तो सारी वही टंकून जगासाठी खुली करायला बसला, वर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, शब्दाला शब्द. त्याच्या मनात होतं की धक्क्यावरचं तेवढं वाक्य गुपचूप सुधारून टाकावं, छोटीला कशाला कळतंय. पण छोटी शेजारीच बसलेली, वही मांडीवर, एकेक ओळ मोठ्याने वाचून ताडून पाहणारी. धक्का आला तसं तिने वही मिटली. डोळेही मिटले. पाठ म्हणून दाखवलं. त्याची बोटं तिच्या आवाजामागून गेली.

तपासनीस बाई बोलायला फटकळ, कामाला चोख. त्या कचेरीत एक रीत होती: त्याने केलेलं भाषांतर त्या मूळ न बघता पुन्हा जपानीत उलटं करायच्या, आणि मग दोन्ही जपानी मजकूर शेजारी ठेवायचे. जुळले तर पास. सुई, बोट, वीज, पाणी, कशालाही सुटका नाही. त्या बुधवारी त्याने इशाऱ्यांच्या गठ्ठ्यात एका कागदावर वहीतली ती दोन वाक्यं सरकवली आणि मूळ जपानी वाक्यं पाकिटात घालून सोबत दिली. का दिली, ते त्यालाही सांगता आलं नसतं. कुणीतरी पकडावं असं माणसाला वाटतं, आपणहून हात पुढे करायची ताकद नसली म्हणजे.

अर्ध्या तासाने बाई चष्मा कपाळावर सरकवून त्याच्या टेबलापाशी आल्या. "अहो लेखकमहाशय, हे कुठल्या यंत्राचं?"

"का हो?"

"मागे वळून पाहण्याचं यंत्र निघालंय की काय? घेईन म्हणते एक." मग कागद खाली ठेवला. वर लाल फुली. "नापास. थोडंथोडकं नव्हे, पार उलटं. भाषा येत नाही म्हणून चुकलंय म्हणावं तर तसंही नाही, येत असल्याशिवाय इतकं नेमकं उलटं करता येत नाही. कुणी केलंय?"

"एका मुलाने. जुनं आहे."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना काय दिसलं देव जाणे, पण आवाज खाली आला. "तो भाषांतर करत नव्हता हो. तो समजूत काढत होता कुणाची तरी. दोन्ही कामं चांगलीच आहेत, पण एका कागदावर करू नयेत." आणि जाता जाता कान तुटलेला कप उचलून त्यात चहा ओतून आणून ठेवला. असं त्यांनी अकरा वर्षांत कधी केलं नव्हतं.

शनिवारी कंपनीची घोषणा आली. चाहत्यांच्या भावनांचा आदर, घाईत झालेली चूक, संबंधित अनुवादिकेला कामातून मुक्त, आणि रविवारी दुपारपासून धक्क्यावरचा संवाद 'मूळ स्वरूपात', म्हणजे त्याच्या वहीतल्या शब्दांत, परत. कट्ट्यावर जल्लोष. 'जसंच्या तसं' गप्प होते, म्हणून जो तो त्यांच्या मौनाचं निरूपण करत होता: मोठी माणसं बोलत नाहीत, त्यांचं काम बोलतं. अनुवादिकेचं पत्र तिथेच होतं, न उत्तरलेलं. त्याने चार वेळा उत्तर लिहायला घेतलं आणि चारही वेळा त्याला आधी छोटी दिसली. आधी तिला सांगायचं. ज्याचं देणं त्याला आधी, मग जगाला. त्याला हे न्यायाचं वाटलं. खरं तर तो फक्त एक दिवस मागत होता.

रविवारी छोटीचं घर चादरी धुतल्याच्या वासाने भरलेलं असे. दोन खोल्या आणि पुढची बैठक. एका खोलीत छोटी आणि नवरा; तो जहाजावर, वर्षातून दोन महिने घरी. दुसरी खोली आईची. छोटीने विशी ओलांडल्यावर आईचा ठावठिकाणा शोधून काढला होता, आणि तेव्हापासून दर रविवारी चार वाजता फोन. आई तीन मिनिटं बोलायची. हवा, गुडघा, बरं ठेवते. छोटी दर वेळी म्हणायची, खोली तयार आहे. आई दर वेळी म्हणायची, बघू. त्या 'बघू'वर बारा वर्षं एक पलंग, एक दिवा, एक बंद कपाट आणि दर रविवारी बदलायची चादर उभी होती. आठ वर्षांची भाची बैठकीत सोफ्यावर झोपायची. तिची दप्तर ठेवायची जागा सोफ्याखाली, कपडे एका पेटीत, भिंतीवर लावायच्या चित्रांना भिंतच नाही. "आजी आली की मी तिच्याजवळ झोपणार," ती पाहुण्यांना सांगे. सोफा आता तिला आखूड पडायला लागला होता.

"मामा! नवीन वाक्य येणार आहे आज," भाचीने दारातच सांगितलं. पडद्यावर एक पट्टी भरत होती. अर्धी झाली होती.

"छोटी," तो म्हणाला, "ते उतरायच्या आधी, खेळ जपानीत करता येतो ना? कर. मला वाचून दाखवायचंय."

छोटीचा चेहरा उजळला. तिने हातचं काम टाकलं, पदर खोचला, लेकीला ओढून शेजारी घेतलं. "बघ हं आता. मामा कसा वाचतो बघ. आवाज काढतो सगळ्यांचे." तिघं जमिनीवर बसली. पिवळं पाणी, फळी, पाठमोरी बाई. सव्वीस वर्षांत त्या कोटाचा करडा रंग जरा गडद केला होता, पाठ तीच होती. अक्षरं उमटली. छोटी म्हणाली, "दादा, म्हण."

त्याने म्हटलं. जसं होतं तसं. "मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. तुझी आठवणही आली नाही."

छोटी हसली. "हे त्यांचं झालं. आपलं म्हण."

"छोटी, हेच आहे. पहिल्यापासून हेच होतं. मी तेव्हा खोटं वाचलं."

"तू? खोटं?" ती लेकीकडे वळली. "ऐकलंस? अख्खं जग ज्याला जसंच्या तसं म्हणतं तो मामा खोटं वाचतो म्हणे." तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "किती वर्षं झाली रे. सुया आणि पंप करून करून गंजलं असेल तुझं जपानी. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. तेव्हा कसं घडाघडा वाचायचास." आणि उठून आईच्या खोलीत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि ती वही घेऊन आली. निळी, कोपरे मऊ पडलेली, प्लास्टिक घातलेली. धक्क्याचं पान आपणहून उघडलं, इतक्यांदा उघडलेलं. "हे बघ. हे मूळ. तुझंच अक्षर आहे ना?"

अक्षर त्याचंच होतं. सोळा वर्षांच्या मुलाचं, घट्ट, नेटकं, एकही खाडाखोड नसलेलं.

"मी खिडकीत होतो, छोटी." तो म्हणाला. "ती गेली तेव्हा. मी पाहिलं वळणापर्यंत. तिने नाही बघितलं मागे. एकदाही."

"तू झोपला होतास," छोटी शांतपणे म्हणाली. "तूच सांगितलंस ना मला. मी उठले, तू म्हणालास, मी पण झोपलो होतो. मला शब्द न् शब्द आठवतो." मग तिचे डोळे भरून आले, पण स्वतःसाठी नव्हे. तिने त्याचं डोकं जवळ ओढलं, लहान मुलाचं ओढावं तसं. "मला कळतंय रे. ती येत नाही म्हणून मी झिजतेय असं वाटतं तुला. माझी आशा सुटावी म्हणून बोलतोयस. नको काढू माझी समजूत, दादा. तू एकदा खरं वाचून दाखवलंस ना, तेवढं मला पुरलंय. त्याच्यावरच तर उभी आहे मी."

खोटं बोलायला एक वाक्य लागलं होतं. खऱ्याला आता साक्षीदार नव्हता, आणि जो होता त्याची साक्ष त्यानेच आधी खोडून ठेवली होती. खिशात फोन होता, फोनमध्ये त्या अनुवादिकेचं पत्र, आणि त्याला कळलं की उत्तर जाणार नाही. गेलं तरी कट्टा हसेल, वही पुढे करेल.

पडद्यावरची पट्टी भरली. खेळ आपल्या भाषेत परतला. चार वाजले होते. छोटीने आईला फोन लावला, कानाशी धरला, घंटा वाजू दिली, बराच वेळ. मग ठेवला. "बाहेर गेली असेल," ती म्हणाली आणि धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यातून पांढरी, निळ्या काठाची उचलून आत गेली. "दादा, ये रे जरा. त्या टोकाला धर."

तो गेला. पलंग रुंद होता, एकटीच्या हाताला न आवरणारा. छोटीने चादर झटकली, ती क्षणभर दोघांच्या मध्ये फुगून उभी राहिली आणि तिच्यामागे छोटी दिसेनाशी झाली. बैठकीतून भाचीचा आवाज आला, अडखळत, एकेक अक्षर बोटाने दाबून धरल्यासारखा: "मी... रोज... मागे... वळून..."

"ओढ," छोटी म्हणाली. "सुरकुती राहता कामा नये."

त्याने टोक घट्ट धरलं आणि ओढलं.